चौथ्या गड्याचं नाव

१९८७च्या हिवाळ्यात आतेभाऊ प्रकाश अमेरिकेहून सौंसरला आला आणि त्यानं आमच्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. तिकडच्या एका कंपनीनं त्यावरच्या खेळात अख्खं राज्य वसवलं होतं. चार गडी मोहिमेवर निघायचे, त्यांना नावं आपण द्यायची.

पण खेळाचं पाकीट आत्ताच फोडलं होतं, तरी तिघांना नावं होतीच. मी मोठ्यानं वाचली: सोनबा, चंद्री, मोतीराम.

दारात संत्री निवडणाऱ्या आईचा हात थांबला. माझ्याआधीची तिची तीन लेकरं बारशाआधीच गेली होती. मी तरी जगावं म्हणून तिनं मला सुइणीला एका कवडीला विकून परत घेतलं आणि कवडू म्हणू लागली.

"हे नावं तं म्या मनातच धरले होते," ती म्हणाली. "कोनाले सांगतले नाई."

चौथ्या जागी मी कवडू लिहिलं. अक्षरं विरघळली आणि सावकाश दुसरीच उमटली.

"आई, हा लक्ष्मण कोन?"

तिनं माझं तोंड दाबलं. "तुह्यंच खरं नाव ते, म्या लपवलेलं. बोलू नको, बाबू. लेकरं आयकून राहिले."

पडद्यावर पुढे निघालेले तिघं थांबले आणि मागे वळले.