सांगितलेली ओळ

"लोकर पुढे, बारा सुलट, लोकर पुढे. शेवटपर्यंत असंच," बाईंनी मुद्दाम चुकीची ओळ सांगितली.

"हं, बाई," म्हणत शिष्येने ती वहीत लिहून घेतली आणि सुया चालवल्या.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाईंचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. पुस्तकासाठीचे नवे नमुने चार महिने त्या तोंडी सांगत होत्या आणि शिष्या विणत होती. हात गेला तर गेला, डोकं ठिकाणावर आहे, असं बाई आल्यागेल्याला ऐकवत. चाळीस वर्षं विणकाम शिकवलेल्या बाईला आता तेवढाच आधार होता.

आज सकाळी, शिष्या यायच्या आधी, त्यांनी सहज ती वही उघडली. कालची ओळ वाचली आणि काल विणलेली पाकळी बघितली. त्या ओळीतून ती पाकळी निघणं शक्यच नव्हतं. परवाचीही नाही. बाईंनी वही होती तिथे ठेवून दिली.

ओळ संपली. बाईंनी डाव्या हाताच्या बोटाने सुईवरचे टाके मोजले. चार पाकळ्या, सांगितल्याप्रमाणे दर पाकळीत दोनदा लोकर पुढे, म्हणजे दोन टाके वाढायला हवे होते. अठ्ठेचाळीसाचे छप्पन्न. भरले अठ्ठेचाळीसच. पाकळ्या मात्र सुरेख उमलल्या होत्या.

"आपल्या वर्गाचा पहिला नियम काय गं?"

"चूक दिसली की तिथल्या तिथे सांगायची."

"कोणाची?"

शिष्या उगाच गुंडा सोडवत बसली. "कोणाचीही."

"आणि इतके दिवस तू ताकास तूर लागू दिली नाहीस."

"पुस्तक तुमचं आहे, बाई. नमुनेही तुमचेच. मी तुमच्याकडेच शिकले ना हे सगळं?"

बाईंना रागवायचं होतं. याहून बारीक चुकीसाठी त्यांनी याच पोरीला एकदा अख्खी बाही उसवायला लावली होती. पण आज उसवणार काय? विणलेल्यात चूक नव्हतीच.

त्यांनी डोळे मिटले. पुढची ओळ मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली आणि मग एकेक टाका जपून सांगितली.

"बरोबर आहे ना गं?"

"हं, बाई."

सुया चालू झाल्या. ओळ पुरी झाल्यावर शिष्येने विणकाम त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी टाके मोजायला हात पुढे केला नाही.