पांढरे ठिपके

"दादा, हा स्टिअरिंगचा बॉक्स जरा नजरेखालून घालतोस?" पिकअपच्या बॉनेटखालून धाकट्याने हाक मारली.

"मी कशाला? तुला सगळं येतं ना!" थोरला म्हणाला आणि चहाचा ग्लास घेऊन चालता झाला.

कारण साधं होतं. त्याचा जळफळाट होत होता.

ती जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप म्हणजे वर्कशॉपची पहिली गाडी. घाटात कुणाचं वाहन अडकलं की तीच ओढून आणायची. स्टिअरिंग असं जड, की एका वळणात भलेभले घामाघूम व्हायचे. वीस वर्षं ते थोरल्याने ओढलं. "हिला फिरवावं ते माझ्या थोरल्यानेच," असं आप्पा येईल त्याला सांगायचे, आणि थोरल्याची छाती फुगायची.

आता त्याच आप्पांनी, सख्ख्या बापाने, धाकट्याला सांगितलं की हिला पॉवर स्टिअरिंग बसव. वर पुस्ती जोडली, "रविवारी फिरवून बघू. वर्कशॉपच्या किल्ल्या पुढे कुणाकडे, तेही त्याच दिवशी सांगतो. माझे गुडघे आता ऐकत नाहीत."

कुणाकडे ते सांगायची गरज होती का? गाडी कुणाच्या हातात दिली ते दिसत होतंच की!

मंगळवारी धाकटा जेवायला गेला आणि थोरल्याला राहवलं नाही. बॉक्स दुसऱ्याच जातीच्या, भंगारात निघालेल्या गाडीचा होता. त्याने वरचा शाफ्ट उजवीकडे फिरवला. खालचा दांडा मागे यायला हवा, तर तो गेला पुढे. पुन्हा फिरवला. पुन्हा पुढे.

उलटा! हा बसवला, की स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडे.

सांगणार होता, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात धाकटा परत आला, त्याच्यामागून आप्पा. "पोराचा हात किती साफ आहे बघ," म्हणत आप्पांनी धाकट्याची पाठ थोपटली. थोरल्याने बॉक्स होता तसा ठेवला आणि निघून गेला.

आप्पांचा दंडक होता, दुरुस्त गाडीचा पहिला स्टार्ट सगळ्यांसमोर. तोवर किल्ली लावायची नाही. म्हणजे रविवारपर्यंत कुणाला पत्ता लागणार नव्हता. फाटक गाडीच्या उजवीकडे, तर डाव्या हाताला जुन्या टायरांचा ढीग होता. त्यात घुसेल फार तर. कुणाला खरचटायचंही नाही, फक्त धाकट्याची फजिती होईल. अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि ती पटलीही लगेच.

घरी बायको रोपं कुंड्यांत लावत होती. बाजारात रोपं न्यायची, तर दर वेळी नवऱ्याच्या विनवण्या कराव्या लागत तिला. पिकअप मागितली की त्याचं उत्तर ठरलेलं, "ते तुझ्या मनगटांचं काम नव्हे."

"अहो, पिकअपचा क्लच फार कडक आहे का हो?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय?" तो खेकसला.

शुक्रवारी थोरला दुसऱ्या एका गाडीचा गिअरबॉक्स आणायला दिवसभर बाहेरगावी गेला. शनिवारी येऊन बघतो तर काम आटोपलेलं. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं. नट पक्का आवळला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. थोरल्याचा लाल, धाकट्याचा पिवळा, आप्पांचा पांढरा. पंपावर पिवळे ठिपके, तेलाच्या पाइपांवर पिवळे. बॉक्सच्या चारही बोल्टवर मात्र पांढरे.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना खाली बसवत नाही, ते आप्पा लाडक्यासाठी गाडीखाली शिरले! वीस वर्षांत त्याच्या कामाला कधी बोट लावलं नव्हतं त्यांनी. आणि एवढं करून त्यांनाही उलटा बॉक्स ओळखू येऊ नये? बरं झालं, दोघांची एकदमच जिरेल.

सीट पुढे ओढलेली होती, वर एक जाड उशी.

"उशीवर बसून चालवणार का रे बुटक्या?"

धाकटा नुसता हसला.

रविवारी झाडून सगळे आवारात जमले, शेजारचे दुकानदारसुद्धा. थोरला सगळ्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. टायरांच्या ढिगाकडे त्याची नजर गेली. ढीग नव्हता. आप्पांनी सकाळीच उचलायला लावला होता. तिथे आता आवाराची नुसती कड होती आणि खाली पुरुषभर खोल नाला.

आप्पांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

"धाकट्याचा हात साफ आहे. पण वर्कशॉप चालवायला भरवशाचा माणूस लागतो. थोरल्या, पुढे ये."

थोरल्याचा कानांवर विश्वास बसेना. तो गर्दीतून वाट काढत पुढे आला.

"आणि गाडीची किल्ली वहिनींकडे!" धाकटा ओरडला. "वहिनी, तुमच्यासाठीच केलंय हे. होऊ द्या!"

बायको केव्हाच उशीवर चढून बसली होती. इंजिन घुरघुरलं. तिने एका हाताने स्टिअरिंग उजवीकडे, फाटकाच्या दिशेने फिरवलं.

"थांब! अगं, बंद कर ती! उलटी जाईल, नाल्यात जाईल!" किल्ल्या, आप्पा, सगळं सोडून थोरला गाडीपुढे धावला.

पिकअप अलगद उजवीकडे वळली आणि फाटकाशी जाऊन थांबली. बायकोने खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं हो? किती हलकी झालीय बघा तरी!"

आप्पांचा जुडगा धरलेला हात तसाच पुढे होता.

"बॉक्स उलटा होता, म्हणून शुक्रवारी मीच बदलला," ते सावकाश म्हणाले. "आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं."

धाकट्याचं हसू मावळलं होतं.

"दादा," त्याने विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"