पालकांनी बोलायचं नाही

तिसऱ्याच वाक्यात बाप मेला.

लिनिया मान खाली घालून कथा पुढे वाचत राहिली. मागच्या भिंतीला पाठ लावून पालक बसले होते. त्यांच्यात तिचा बाप आर्विड होता. त्याचा चेहरा उतरला. पहाटे डलुथच्या घरून निघताना तो इतका खुशीत होता, की गाडीत एकटाच गात आला होता. सुट्टीभर पोर या निवासी लेखन-शिबिरात राहिली होती. तिचं लिखाण आज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"मनावर घेऊ नका हो," शेजारची बाई कुजबुजली. "आमच्या टोबायसने मला मागच्या आठवड्यात देवमाशाच्या पोटात घातलंय. अजून बाहेर काढलेलं नाही."

सकाळी डोनट खाताना शिक्षिका मिसेस तालबर्टनी पालकांना बजावलं होतं. मुलं लिहितात ती कोर्टातली साक्ष नव्हे, तिच्यात स्वतःला शोधू नका. कथेवर चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. त्याला शेवटी बोलता येतं. "तुम्हाला तेव्हाही नाही. आज तुम्ही पालक नाही, भिंत आहात." सगळे हसले होते. आर्विड सगळ्यात मोठ्याने.

आता त्याला हसू येईना. हिवाळ्यात त्याची बायको मरीट गेली. लिनियाने इथे ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मरीटची बहीण इंग्रिड म्हणत होती, पोरीला मिनियापोलिसला माझ्याकडे ठेव, सोळा वर्षांच्या मुलीला घरात बाईमाणूस लागतं. लिनिया म्हणाली होती, शिबिर संपलं की सांगते. शिबिर आज संपत होतं. आणि पोरीने कथेत आई जिवंत ठेवून बाप मारला होता. याहून स्पष्ट उत्तर काय असतं?

वाचन संपलं. लिनियाने ओठ घट्ट मिटले. मुलं कथेवर तुटून पडली.

"भारी आहे! पण ही आई काय आई आहे?" टोबायस जवळजवळ ओरडलाच. "चाळिशीची बाई, आणि वेणी घालायला व्हिडिओ बघून शिकते? तेही गॅरेजमध्ये लपून, दोरखंडावर?"

"दोरखंडाला हात लावू नकोस हां, तोच तर मस्त आहे!" मेव्ह नावाची मुलगी म्हणाली. "मला दुकान खटकलं. मुलीसाठी पॅड आणायला जाते आणि तिथूनच नणंदेला फोन लावते, पंखवाले घेऊ की बिनपंखांचे? अगं बाई, तुला माहीत नाही?"

वर्गात हशा उसळला. भिंतही हसली.

आर्विड हसला नाही. तो खुर्चीत ताठ झाला. बर्फ हटवायच्या गाडीतला दोरखंड होता तो. गॅरेजचं दार त्याने आतून लावलं होतं, पोरीला दिसू नये म्हणून. आणि दुकानातून फोन त्याने केला होता, इंग्रिडला. त्या दिवशी इंग्रिडही अशीच हसली होती.

"पण ते दाराचं ठेव," मेव्ह म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "मुलगी आत रडत असते, तेव्हा आईला आत जायचं धाडस होत नाही. मग ती दाराबाहेर जमिनीवर बसून हॉकीचे निकाल मोठ्याने वाचते. तिथे मी रडले, खरंच."

आर्विडही घरी तसाच दाराबाहेर बसून निकाल वाचायचा. त्याला वाटलं होतं, आतून कुणी ऐकत नाही. त्या बाईने कथेत केलेलं एकूण एक काम त्याने केलेलं होतं. उठून ओरडावंसं वाटलं त्याला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"माझं ऐक," टोबायस म्हणाला. "सोपं आहे. बापाला जिवंत ठेव आणि आईला मार. सगळं जुळतं!"

"बास रे!" मिसेस तालबर्ट म्हणाल्या. "लिनिया, आता तू बोल. ही आई बदलणार आहेस?"

लिनिया उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. ती टोबायसकडे बघत नव्हती, बाईंकडेही नाही. ती थेट मागच्या भिंतीकडे बघत होती.

"तिला आईची कामं जमत नाहीत, ते बरोबर आहे," ती म्हणाली. "पण बदलणार नाही. मी तिच्याकडेच राहणार आहे."