पुतळाबाईचं टपाल

त्रेसष्ट साली पुतळाबाईचा दीर गेणू भाजे गावच्या पोस्टात अर्ज देऊन गेला: तिचं टपाल यापुढं वडगावला, त्याच्या घरी पाठवावं. खाली तिचा अंगठा होता. खरं तर खुद्द बाईला विचारायला हवं. पण भाजे गावातून तिच्या वाडीची चढण कोण चढणार? बजरंग पोस्टमननं अर्ज मानला.

मग तिच्या मुलाचं भुसावळहून पत्र आलं. बजरंगनं पत्ता खोडून वडगावचा लिहिला आणि पत्र रवाना केलं. दुसऱ्या दिवशी ते थैलीत परत! खोडल्याची रेघ नाही, वडगावचा शिक्का नाही. असं पाच वेळा झालं.

सहाव्या दिवशी भर दुपारी तो तिच्या दारात उभा राहिला.

"मावशी, अर्जावर अंगठा तुमीच दिलता ना?"

"कसला अर्ज? म्या न्हाई दिला."

त्यानं पाकीट फोडून वाचून दाखवलं. "आई, काकानं आणलेल्या जमिनीच्या कागदावर अंगठा देऊ नको."

"आरं, उद्याच जायाचं व्हतं की वडगावला, अंगठा द्याया!" म्हातारी मटकन बसली आणि हसायला लागली. बजरंगचाही जीव भांड्यात पडला.

पत्रावर तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती. शेवटी त्याच अक्षरात, त्याच शाईत आणखी एक ओळ होती. ती त्याला मोठ्यानं वाचवेना.

"बजरंगभाऊ, या पत्रासोबत पाच वेळा माघारी फिरलो. आज घरी आणलंत, बरं झालं."