सातवा अँगल

पटकथेत नायकाने नायिकेचा हात धरून प्रेम कबूल करायचं होतं. त्याने मनानेच काडकन थोबाडीत मारली. तिचा कान सुन्न झाला. दिग्दर्शक खुर्चीतून उडालाच. “याला म्हणतात उत्स्फूर्त अभिनय! हे ठेवूया.” एकदा ठेवलं की कॅमेऱ्याच्या प्रत्येक अँगलला तेच करायचं, हा धंद्याचा नियम. सहा अँगल, सहा थपडा. दरवेळी मेकअपदादा नजर चुकवत गालावर उमटलेली बोटं पावडरीखाली लपवायचे. “प्रेमात एवढं चालतंच गं,” नायक हसला. सातव्या अँगलला त्याचा हात उठताच तिने टेबलावरची पितळी फुलदाणी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यांवर कोसळला. भुवईतून रक्त गळू लागलं. तिने सांडलेली फुलं पुन्हा खोचली, फुलदाणी जागेवर ठेवली आणि दिग्दर्शकाला विचारलं, “हेही उत्स्फूर्तच, साहेब. ठेवूया ना? मग पुढचा अँगल लावा.”