गिरजेचा गाल

साबण बदलून नऊ दिवस झाले होते आणि गिरजेच्या उजव्या गालावर आणखी दोन मुरूम उठले होते.

उमादेवीनं नणंदेची हनुवटी खिडकीकडे वळवली आणि मोजले. काल अकरा होते, आज तेरा.

"वैनी, सोड की," गिरजा म्हणाली. मांडीवर बारावीचं पुस्तक उघडं होतं. "परीक्षेत कुनी तोंड बघत न्हाई."

"सोनपेठवाले बघतेत ना."

दिवाळीनंतर सोनपेठचे पाहुणे येऊन गेले. निघताना मुलाची आई म्हणाली, "पोरगी चांगली हाय. चेहरा तेवढा निवळू द्या, मग सुपारी फोडू." तेव्हापासून गिरजेचा चेहरा उमाच्या हवाली झाला. कारणही तसंच होतं. लग्नाआधी उमाचा चेहरा याहून वाईट होता. स्वतःच लेप लावून तिनं तो महिन्यात निवळवला आणि दाखवण्याच्या पहिल्याच बैठकीत पसंत पडली. तेव्हा ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. "परीक्षा लग्नानंतर बी देता येती," असं सासरे बसवंतराव म्हणाले होते. पुस्तकं अजून ट्रंकेत होती आणि ट्रंकेवर पाच महिन्यांच्या बाळाची दुपटी.

गिरजेसाठी तिनं काही कमी केलं नव्हतं. सकाळी मसुराचं पीठ, दुपारी कडुलिंबाचं पाणी, संध्याकाळी मुलतानी मातीचा लेप. तळलेलं बंद, चहा बंद. मधे विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद पडल्या आणि पाहुण्यांची दुसरी खेप पंधरा दिवस पुढं गेली. तेवढ्या दिवसांतही फरक नाही.

तिचा पहिला संशय शेजारच्या सगुणाबाईवर होता. साबण तिनंच आणून दिला होता. तिची पुष्पी गिरजेच्याच वयाची. साबण उकिरड्यावर गेला तरी सगुणाबाई दुपारी ताकाचं भांडं घेऊन हजर.

"अगं बाई, अजून तसंच?" तिनं गिरजेच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तरीच म्हणलं, सोनपेठवाल्यांनी आमच्या पुष्पीचं वय कसं इचारलं."

"काकू, ताक राहू द्या. आम्हाला सर्दी झालीय सगळ्यांना," उमा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

चार दिवस दार लावलेलंच राहिलं. उमानं गिरजेच्या उशीची खोळ उकळली, टॉवेल वेगळा केला, घरातले कपडे स्वतः धुतले. सासू मल्लम्मांचं लुगडं धुवायला सोपं जायचं. बाळाची टाळू रोज संध्याकाळी त्या स्वतः करडीच्या तेलानं भरायच्या, पण पदराला तेलाचा डाग म्हणून नसायचा.

मुरूम पंधरा झाले.

शुक्रवारी जेवताना बसवंतरावांनी ताट सरकवलं. "सूनबाई, हाताला गुण न्हाई का मनातच न्हाई? नणंद सोनपेठच्या माडीवर जायलीय, ते बघवंना का?"

उमानं भाकरी वाढली. ते थांबले नाहीत.

"सोमवारी पाहुणे येतेत. तवर निवळलं न्हाई तर तुझे लेप आन् तू, दोन्ही माहेरी जातील. लेकरू आमचं हाय, ते हितंच ऱ्हाईल."

"गप जेवा," मल्लम्मा म्हणाल्या. "कुन्या मेलीची नजर लागलीय पोरीला. मी रोज काढायलेच की."

त्या रोज काढायच्या हे खरं होतं. दिवेलागणीला गिरजेला पुढ्यात बसवून तिच्या गालांवरून दोन्ही तळवे फिरवायच्या, आलाबला घ्यायच्या, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या. नजर काढल्यावर सकाळपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

बाळाला पोटाशी धरून उमा रात्रभर विचार करत राहिली. शनिवारी तिनं ठरवलं, आज दुसरं काही करायचं नाही. गिरजेच्या तोंडाला दिवसभर कोण कोण शिवतं, तेवढंच बघायचं.

सकाळपासून कुणी शिवलं नाही. दुपारी सगुणाबाईनं दार वाजवलं, उघडलं नाही. संध्याकाळी तोंड धुऊन, कोरडं पुसून गिरजा अभ्यासाला बसली. आता दिवस संपलाच होता. आईची आलाबला काही मोजायची गोष्ट नव्हती.

मल्लम्मांनी बाळाची टाळू भरली आणि ते उमाकडे दिलं. उमा आतल्या दारात पाजायला बसली. तिथून तिला सासूची पाठ दिसत होती आणि बाजूला तेलाची वाटी.

मल्लम्मांनी हात पदराला पुसले नाहीत. चारी बोटं पुन्हा वाटीत बुडवली, तळव्याला तळवा चोळला.

"ये गं गिरजे. नजर काढते."

तळवे गालांवरून सावकाश फिरले. कपाळ, हनुवटी, पुन्हा गाल. बोटं मोडली. गिरजा उठून पुस्तकाकडे गेली.

उमा बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. "आत्याबाई, मला घराबाहेर काढायलेत, आन् तुमच्या हाताला तेल…"

मल्लम्मांनी वाटीवर झाकण ठेवलं. "तुला कुनी काढत न्हाई. मालकाला काय सांगायचं ते मी सांगीन. परीक्षा मार्चात हाय तिची, तवर चेहरा निवळायचा न्हाई."

"पण सोनपेठचं स्थळ हातचं जाईल…"

मल्लम्मांनी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बघितलं. मग तेलकट हात उमाच्या गालाजवळ आणला आणि न टेकवताच मागं घेतला.

"तुझ्या येळंला असा हात फिरवनारं कुनी नव्हतं, माय."