पाच टक्क्यांच्या आत

दोन नारिंगी शंकू, तीस मीटरचा टेप, एक स्टॉपवॉच, एक शिट्टी, रक्तदाब मोजायचं यंत्र, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. गावच्या विकास सोसायटीच्या ऑफिसच्या कट्ट्यावर सात माणसं. अपेक्षाने सामान दोनदा तपासलं. माणसं सामानात धरलेली नव्हती.

राहू गावात सरळ आणि सपाट तीस मीटर रस्ता एवढाच होता, सोसायटीसमोरचा. गिताबाई एका शंकूपाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, पायात कापडी बूट. सहा मिनिटं त्यांनी दोन शंकूंमध्ये ये-जा करायची होती. जमेल तितकं भरभर चालायचं, पळायचं नाही. परवा तळेगाव ढमढेऱ्यात त्या ४६८ मीटर चालल्या होत्या, काल खुटबावात ४७४. तीच बाई, तेच बूट, सकाळची तीच वेळ. राहूचा आकडा त्या दोन्हींच्या सरासरीपासून पाच टक्क्यांच्या आत हवा होता, म्हणजे ४४८ ते ४९४.

व्यायामाने शरीरात काय बदलतं, याचा अभ्यास बारा गावांत व्हायचा होता. सगळ्या गावांची मापं एकसारखी ठेवणारं केंद्र आणि त्याचा निधी शिरूरच्या कॉलेजला द्यायचा की पुण्यातल्या मोठ्या संस्थेला, हे निवड समितीच्या सुलक्षणा मॅडम आज ठरवणार होत्या. केंद्र शिरूरला आलं नाही तर अपेक्षाची तिथल्या कॉलेजातली नोकरी महिनाअखेरीपर्यंतच होती.

"एक बाई तीन गावांत सारखी मोजता येत नसेल," मॅडम जीपमध्ये म्हणाल्या होत्या, "तर नऊशे माणसं कशी मोजणार?"

पहिल्या चाचणीत ३९६ मीटर भरले.

अपेक्षाने टेप पुन्हा ताणून पाहिला. तीस मीटरच होता. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने दुसरी चाचणी घ्यायची आणि दोन्हींतला मोठा आकडा धरायचा. मागच्या दोन गावांतही तसंच केलं होतं.

"कमी पडलं का गं बाय?" गिताबाईंनी विचारलं.

"काकू, तिकडं तुम्ही केवढ्या भरभर चालत होता."

"तिकडं मला कोन वळखतंय?" त्यांनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि कट्ट्याकडे न बघता म्हणाल्या, "हितं थोरले दीर बसल्यात."

तेव्हा अपेक्षाच्या लक्षात आलं. कट्ट्यासमोर आल्या की गिताबाई मान खाली घालून, अंग चोरून, सावकाश पुढे सरकत होत्या. कट्टा मागे पडला की पावलं पुन्हा मोठी. दर फेरीला हेच.

ती कट्ट्यापाशी गेली. थोरले दीर, गेणबा, मधोमध बसले होते.

"आप्पा, थोडा वेळ आत बसाल का सगळे?"

"आत सेक्रेटरी झोपलाय."

"काकूंना तुमच्यासमोरून चालायला अवघड होतंय."

"व्हनारच की. थोरल्या दिराम्होरनं काय पळत जाईल व्हय?"

"तळेगावात पळली म्हनं," शेजारचा म्हणाला.

"तळेगावात कोन तिचा दीर हाय?" पलीकडून आलं, आणि सगळे हसले. गेणबा हसले नाहीत.

"तुझं काय अडलंय, पोरी?"

"आकडा जुळला नाही तर आमचं केंद्र पुण्याला जाईल, आप्पा. माझी नोकरी पण."

गिताबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून गेणबा त्यांच्याशी कधी थेट बोलले नव्हते. आताही अपेक्षाशीच बोलले. "सांग तिला. आमी न्हाई बघत." त्यांनी दोन्ही पाय उचलून कट्ट्यावर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बाकीचे सहाही वळले. भिंतीवर खतांच्या दरांचा फलक होता.

"हे नियमावलीत आहे?" सुलक्षणा मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मागच्या दोन गावांत कुणाला असं वळवून बसवलं होतं?"

"नाही मॅडम. तिथं गरज पडली नव्हती."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "नोंद करा. आणि सुरू करा."

गिताबाईंनी त्या सात पाठींकडे एकदा नीट पाहिलं. मग पदर डोक्यावरून काढला आणि कमरेला खोचला.

पहिलं मिनिट भरल्यावर अपेक्षा ठरलेलं वाक्य म्हणाली, "छान चाललंय. चालत राहा." चाचणी चालू असताना तिला एवढंच बोलायची परवानगी होती, दर मिनिटाला, एकाच आवाजात. दुसऱ्या मिनिटाला तिचा जीव जरा भांड्यात पडला. कट्ट्यासमोर गिताबाईंची चाल कमी होत नव्हती. तिसऱ्या मिनिटाला दिसलं, तिथेच ती वाढत होती.

"युरिया संपला वाटतं," फलक वाचत कुणीतरी म्हणालं. कुणी वळलं नाही.

चौथ्या मिनिटाला अपेक्षाने मनातल्या मनात हिशेब केला. परत केला. याच चालीने गेल्या तर ४९४ मागे पडणार होते. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमही फेऱ्या मोजत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. 'जरा सावकाश, काकू,' एवढं म्हटलं असतं तरी आकडा आत राहिला असता. गिताबाई शंकूला वळसा घालून आल्या, तिच्याकडे बघून हसल्या. त्यांना दमही लागला नव्हता.

पाचवं मिनिट भरलं.

"छान चाललंय," अपेक्षा म्हणाली. "चालत राहा."

शिट्टी वाजली तिथे गिताबाई थांबल्या. तीस मीटरच्या सतरा फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. पुढचं अंतर मोजायला टेपचं दुसरं टोक मॅडमनी स्वतः धरलं. दोन मीटर.

५१२.